तीन शिट्ट्या

चतुराबाई गेल्या त्या पितृपक्षात, आणि दहाव्याला कायगाव टोक्याच्या घाटावर कावळा काही शिवेना.

"शिवायचा कसा?" कारभारीकाका म्हणाले. "दहा दिवस झाले, सगळ्या जिल्ह्याचं जेवण चालू हाय त्याला. पोट फुटंस्तवर खाल्लंय. आता भात दिसला तरी मळमळत असंल."

लोक हसले. गुरुजीही हसले. पण पिंड तसेच होते आणि ऊन चढत होतं, म्हणून मग एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. मयताचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि तसा मोठ्यानं शब्द द्यायचा, म्हणजे कावळा येतो, अशी रीत. काकांनी सांगितलं की पिशोरच्या विहिरीचं पाणी तंटा न करता वाटून घेऊ. कावळा बाभळीवरच. मावशी म्हणाली, मंजू एकटी असली तरी आम्ही तिच्या पाठीशी आहोत. कावळ्यानं चोच फांदीला घासली. मग काकांनी हात जोडले. "वहिनी, अण्णाची काळजी करू नका. त्याला आम्ही काही कमी पडू देणार नाय."

कावळा उडाला, पलीकडच्या फांदीवर गेला आणि पाठ करून बसला.

पोरगा नव्हता म्हणून क्रिया अण्णांनीच धरली होती. डोकं भादरलेले, उघड्या अंगाचे अण्णा त्या पाठीकडे पाहत राहिले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. मंजुषाचा या कशावरही विश्वास नव्हता. ती कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होती, आणि पिंड, कावळा, काकस्पर्श यांच्यावर कुणीकुणी काय लिहिलंय हे तिला कपाटाच्या नंबरासकट सांगता आलं असतं. पण फरशीनं तळपाय भाजत होते आणि अण्णांचे खांदे तिला बघवत नव्हते. ती हळूच म्हणाली, "आई, शेठला मी सांभाळते."

कावळा खाली आला. दोन उड्या मारल्या, पिंडावरचं शीत उचललं आणि गेला.

"घ्या," काका म्हणाले. "जीव नवऱ्यात नव्हता, कुत्र्यात व्हता."

पुन्हा सगळे हसले. अण्णाही हसले. घरी येईपर्यंत ते एकदोनदा आपल्याशीच हसले, आणि हडकोतल्या घराच्या फाटकाशी गाडीतून उतरताना म्हणाले, "बरोबर हाय तिचं. मी काय, मागून खाईन. मुक्या जिवाचं काय?"

शेठ म्हणजे नऊ वर्षांचा पिवळट लॅब्रेडॉर. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदली होऊन गेले तेव्हा दोन महिन्यांचं पिल्लू "दोन दिवस ठेवा मावशी" म्हणून ठेवून गेले, ते न्यायला आलेच नाहीत. चतुराबाई माळकरी. घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. त्यांनी पिल्लाला दूधभाकरीवर वाढवलं. ज्वारीची भाकरी कुस्करायची, तीवर दूध, आणि ते कोमट आहे का हे करंगळी बुडवून बघायचं. बोलावल्याशिवाय तो जेवायला उठत नसे म्हणून नाव शेठ. "या शेठ, पान वाढलंय," असं त्या म्हणत. अण्णांना बोलावताना त्या फक्त "जेवता का?" म्हणत, आणि यावरून घरात बऱ्याच वेळा थट्टा झाली होती.

दहाव्यानंतर मंजुषा आपली गारखेड्याची खोली सोडून हडकोत राहायला आली. दूधभाकरी तिनं तशीच केली. करंगळी बुडवली. "या शेठ" म्हणाली. तो आला, वाटीचा वास घेतला, मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन बसला.

हे एक दिवस नाही, महिनाभर चाललं. कधी चार घास, कधी नुसतं पाणी. पोटाखालचे आणि कानांमागचे केस गेले आणि कातडी लाल झाली. तो रात्रंदिवस खाजवायचा. अंगाला हात लावला की बरगड्या मोजता यायच्या.

डॉक्टर सुमय्या तरुण होती, स्पष्ट बोलणारी. तिनं रक्त तपासलं, कान बघितले. "मोठा आजार नाही," ती म्हणाली. "दूध आणि धान्य त्याला पहिल्यापासून सोसत नसणार. तुमच्या आईंच्या हातचं म्हणून खात होता. आता हात नाही, तर अन्न कशाला खाईल?" मग तिला वाटलं, आपण जरा जास्त बोललो. "सॉरी. विकतचं खाणं देऊन बघा."

विकतचे दाणे शेठनं तोंडात घेतले आणि चटईवर एकेक करून काढून ठेवले.

मग मंजुषानं तेच केलं जे ती आयुष्यात प्रत्येक संकटात करत आली होती. वाचायला घेतलं. तीन आठवडे ती कुत्र्यांच्या कच्च्या मांसाहारावर जे मिळेल ते वाचत होती. काही जण सांगत होते की या आहारानं म्हातारा कुत्रा पुन्हा धावायला लागतो, कातडी भरून येते. काही डॉक्टर सांगत होते की ही फॅशन आहे, जंतूंना घरात बोलावणं आहे. दोन्हीकडचं वाचून तिनं छापील कागदांचा गठ्ठा केला आणि महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. मांस किती, काळीज किती, हाड किती. कोणतं हाड चालतं, कोणतं नाही. कच्चं हाड लवचिक असतं, दाताखाली चुरतं. शिजलेलं हाड फुटून सुळे निघतात, ते चुकूनही देऊ नये. या ओळीखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या.

डॉक्टर सुमय्यानं गठ्ठा चाळला. "मी हे सुचवणार नाही," ती म्हणाली. "पण तो असा उपाशी राहिला तर उन्हाळा बघणार नाही. द्या. स्वच्छता पाळा, आणि मला कळवत राहा."

अण्णांना सांगायचं राहिलं होतं.

ते पाण्याच्या दिवशी सांगितलं. आठवड्यानं नळ आलेला, अण्णा अंगणातल्या टाकीत पाइप धरून उभे होते, त्यामुळे त्यांना निघून जाता येणार नव्हतं.

"मांस?" अण्णा म्हणाले.

"व्हय."

"कच्चं?"

"कच्चं."

पाइपातून हवा आली, फुरफुरली. अण्णा बराच वेळ टाकीत पाहत होते. बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात नोकरी केलेला माणूस, वाहतं पाणी बघितलं की त्यांना विचार करता येई.

"लग्नाच्या आधी मी खायचो," ते म्हणाले. "तुझ्या आईनं पहिल्या रात्री सांगितलं, माळ तरी घाला नाहीतर चूल तरी वेगळी मांडा. मी माळ घातली. चूल मला कुठं पेटवता येती?" मग म्हणाले, "जगंल का त्यानं?"

"जगेल असं वाटतं."

"मग दे. पण मंजे, तीन गोष्टी. तिच्या फ्रीजमध्ये नाय. तिच्या भांड्यात नाय. तिच्या ओट्यावर नाय."

मंजुषानं कुणाकडून तरी वापरलेला छोटा फ्रीज घेतला आणि तो जिन्याखाली, स्कूटरच्या शेजारी ठेवला. एक पाट, एक सुरी, चार निळे डबे. सगळं घराबाहेर.

पहिल्यांदा सिल्लेखान्यात, खाटकांच्या गल्लीत, गेली तेव्हा तिनं ओढणी नाकावर घेतली होती. चाळीस वर्षं या शहरात राहून ती त्या गल्लीत कधी वळली नव्हती. नूरमोहम्मदचं दुकान टोकाला होतं. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हातातलं काम न थांबवता बोलणारा.

"बोला बाई. किती?"

मंजुषानं कागद काढला आणि वाचलं. मऊ बरगड्या इतक्या, काळीज इतकं, चरबी काढून मांस इतकं, सगळ्याचे तुकडे अमुक मापाचे.

नूरमोहम्मदचा सुरा थांबला. "कोई बीमार है घर में?"

"कुत्र्यासाठी आहे."

"हौ?" त्यानं दुकानासमोर पसरलेल्या चार गल्लीच्या कुत्र्यांकडे सुरा दाखवला. "ऐका रे ऐका. तुमच्या एका भावाला कागदावर लिहून जेवण चाललंय. आणि तुम्ही माझ्या शिव्या खाऊन राहता." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. "कुणाचा आहे कुत्रा?"

"आईचा. आई गेली."

बरगड्या त्यानं स्वतः निवडल्या, बोटानं वाकवून बघितल्या, आणि पिशवी देताना म्हणाला, "पुढच्या वेळी कागद नको. मला पाठ झालं."

शेठनं पहिला तुकडा चाटला. मग बसला, तो दोन्ही पंजांत धरला आणि डोळे मिटून चावायला लागला. जिन्याखाली फरशीवर उकिडवी बसलेली मंजुषा तो आवाज ऐकत राहिली. आई गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं. तेव्हाही आलं नाही, पण येईल असं वाटलं.

दिवाळीनंतर सुरू केलं आणि नाताळापर्यंत पोटाखाली केस आले. खाज गेली. वजन चार किलोंनी वाढलं. एक दिवस त्यानं फाटकावर आलेल्या मांजराला आख्ख्या गल्लीभर पळवलं आणि जीभ बाहेर काढून परत आला, तेव्हा अण्णा टाळ्या वाजवत होते. अण्णा डबा उघडत नसत, तिकडे बघतही नसत, पण शेठचं खाऊन झालं की जिन्याशी येऊन विचारत, "झालं का शेठचं जेवण?" आणि मग आपण पानावर बसत. पुढे पुढे दुपारी ते त्याच्याशी बोलायला लागले. मंजुषा एकदा लवकर घरी आली तेव्हा ओसरीवर अण्णा सांगत होते, "तुला सांगतो शेठ, ती माझ्यावर रागावली नव्हती. पाठ केली ते उन्हामुळं. ऊन डोळ्यावर येत व्हतं त्याच्या."

ती चपला न वाजवता परत फाटकापर्यंत गेली आणि मग मोठ्यानं कडी वाजवून आत आली.

जानेवारीत तिला ग्रंथालयाच्या प्रशिक्षणासाठी दोन दिवस नांदेडला जावं लागलं. मावशीला बोलवू का, असं तिनं विचारलं.

"कशाला? माझं मी बघतो. मेसचा डबा येतो."

"तुमचं नाही. शेठचं."

अण्णांनी जिन्याखालच्या फ्रीजकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याचंबी मी बघतो. डबा काढायचा अन् ठेवायचा, एवढंच ना? तुझ्या आईनं त्या कावळ्याकडून काय सांगितलंय मला माहीत नाय व्हय?"

मंजुषानं कागद लिहून छोट्या फ्रीजला चिकटवला. तिच्या अक्षरात, कार्डावर नोंद करावी तसा नेटका. कोणत्या वेळी कोणता डबा. रात्रीच काढून बाहेर ठेवायचा, म्हणजे सकाळी बर्फ नसेल. खाताना जवळ बसायचं. राहिलेलं टाकून द्यायचं. हात साबणानं. डॉक्टरांचा नंबर. तिनं तो दोनदा वाचला, काही राहिलं नव्हतं. जो माणूस सत्तर वर्षांत चहाचं आधणसुद्धा ठेवू शकला नाही, त्याला 'शिजवू नका' असं लिहावं हे कुणालाही सुचलं नसतं.

पहिल्या दिवशी तिनं फोन केला. "खाल्लं का?"

"चाटूनपुसून," अण्णा म्हणाले. आवाजात हसू होतं. "वाटी धुवायचं काम ठेवलं नाय."

दुसऱ्या दिवशीही तेच. "तू उगं काळजी करते. आमचं दोघांचं लई झकास चाललंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती रेल्वेनं आली. फाटक उघडलं तरी शेठ आला नाही. तो जिन्याखाली पाठीची कमान करून उभा होता, पुढचे पाय फाकलेले, मान खाली. तिनं "शेठ" म्हटलं, शेपूट जराशी हलली. शेजारी पिवळी उलटी झालेली.

"पहाटेपासून तसाच हाय," अण्णा म्हणाले. अंगावर शाल, पायात चपला नाहीत. "थंडी बाधली असंल. रात्री तर चांगला जेवला."

घरात हळदीचा वास येत होता. तिनं तो घेतला आणि त्याचा विचार केला नाही. रिक्षा बोलावली, शेठला ओढणीच्या झोळीत उचललं. अण्णांना गुडघ्यांमुळे रिक्षात चढता उतरता वेळ लागतो, म्हणून ते फाटकातच थांबले.

डॉक्टर सुमय्यानं पोटाला हात लावला आणि हात काढून घेतला. एक्स-रे काढला. पडद्यावर पांढऱ्या, बारीक, टोकदार रेघा होत्या, चार-पाच, आडव्यातिडव्या. त्यातली एक जिथे नको तिथे होती.

"मॅडम, शिजवलेलं हाड दिलंत?"

"नाही. आमच्याकडे कुणी शिजवत नाही."

"हे कच्चं हाड नाही. कच्चं असं उभं चिरत नाही. आतडं फाटलंय." ती पडद्यापासून वळली. "घरी विचारा. किती दिलंय ते मला कळलं पाहिजे."

मंजुषा दवाखान्याच्या पायरीवर आली. समोर हातगाडीवर एकजण बोरं विकत होता. फोन पहिल्या रिंगला उचलला गेला, म्हणजे तो अण्णांच्या हातातच होता.

"अण्णा, डबा तुम्ही गरम केला होता का?"

"गरम?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उजळला. गुपित सांगायची वाट बघत असलेल्या मुलाचा असतो तसा. "गरम नाय, शिजवलं. कुकरला लावलं. तीन शिट्ट्या. शेजारच्या काकूला विचारलं डाळीला किती देतात, ती म्हणली तीन. थोडी हळद टाकली. मीठ नाय हां, मीठ नाय टाकलं, त्याला चालत नाय ते मला माहीत व्हतं. काय झालं मंजे, डबा उघडला तर हात बधिर झाला माझा, इतकं गार. अन् बाहेर ही थंडी. म्हणलं, तिनं नऊ वर्षं ह्याला एक घास गार घातला नाय. कोमट करून, करंगळी बुडवून. अन् मी दगडासारखं गार त्याच्यापुढं टाकू?"

मंजुषानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता तू म्हणशील, तिच्या ओट्यावर का केलं. गॅस तिथंच हाय ना. मी तिच्या फोटोला सांगितलं आधी. म्हणलं, दोन दिवस. माझ्यासाठी नाय, शेठसाठी. कुकर मग चिंच अन् राख लावून तीन येळा घासला." मग आवाज खाली आला. "मंजे? चुकलं का काही?"

बोरवाला एका बाईला बोरं मोजून देत होता. त्यातलं एक घरंगळून रस्त्यावर गेलं आणि मंजुषानं नजरेनं त्याला गटारापर्यंत पोचवलं.

"नाही," मंजुषा म्हणाली. "असंच विचारलं."

"डॉक्टरीण काय म्हणती?"

"बघतेय अजून. ठेवते."

सुमय्यानं पोट उघडलं. तासाभरानं ती बाहेर आली तेव्हा हातमोजे काढलेले होते. आत सगळीकडे पू होता. शिवता येईल, पण या वयात यातून तो उठणार नाही, उठला तरी चार दिवस यातनांचे. भुलीत आहे तोवरच सोडून द्यावं, असं तिचं मत. मंजुषानं सही केली. आत जाऊन शेठच्या कानामागे हात ठेवला. तिथले केस नव्यानं आलेले होते, पिल्लाचे असतात तसे मऊ. सुई दिल्यावर काही वेळानं कान गार व्हायला लागला. तिनं हात काढला नाही. कायगावचा शब्द तिनं सहजच दिला होता, पायाला चटके बसत होते म्हणून. पण आईला तिनं दिलेला तेवढा एकच शब्द होता.

"मॅडम, कुणाची चूक नाही," सुमय्या म्हणाली. "माहीत नसतं लोकांना."

"मला माहीत होतं," मंजुषा म्हणाली.

रिक्षात तिनं तीन-चार वाक्यं जुळवून बघितली. सरळ सांगावं. अण्णा समजूतदार आहेत, वय झालंय, चूक कुणाचीही होते. हे सगळं खरं होतं. आणि तिला ती पाठ दिसत होती, बाभळीच्या फांदीवरची, आणि तिच्याकडे पाहणारं अण्णांचं भादरलेलं डोकं. त्या कावळ्याला उन्हाचं कारण शोधायला त्यांना तीन महिने लागले होते.

अण्णा फाटकात तसेच उभे होते. रिक्षात शेठ नाही हे त्यांनी बघितलं. तरी विचारलं, "ठेवून घेतलं का त्यांनी?"

"गेला, अण्णा."

त्यांनी फाटकाची कडी धरली. बराच वेळ ते कडी वरखाली करत होते.

"कशानं?"

"कच्च्या मांसातून जंतू गेले. पोटात पू झाला होता. बऱ्याच दिवसांपासून असणार. डॉक्टर मला आधीच म्हणाल्या होत्या, मीच ऐकलं नाही."

हे म्हणताना तिचा आवाज साधा होता, चुकीच्या ठिकाणी लागलेलं पुस्तक सांगावं इतका साधा. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. आधी त्यांना कळलंच नाही, मग कळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा राग आला की जो तिनं लहानपणी एकदाच बघितला होता.

"मी म्हणलं व्हतं," ते म्हणाले. "कच्चं म्हणलं तवाच मला नको वाटलं व्हतं. पण तू शिकलेली. तुझ्या पुस्तकात लिहिलंय म्हणून. तिच्या हातचं खाऊन नऊ वर्षं जगला तो. नऊ वर्षं. अन् तू दोन महिन्यांत..."

ते आत गेले. मंजुषा जिन्याखाली गेली, उलटी पुसली. छोट्या फ्रीजवरचा कागद सोलून काढला. आत दोन निळे डबे शिल्लक होते.

ते तिनं दुसऱ्या दिवशी सिल्लेखान्यात नेले. नूरमोहम्मदला काही सांगावं लागलं नाही. त्यानं डबे रिकामे केले, समोरच्या चारही कुत्र्यांना वाटून दिलं, मग डबे धुऊन, फडक्यानं कोरडे करून तिच्या हातात दिले.

"बाई," तो म्हणाला, "हाड माझ्याकडचं होतं. खराब होतं का?"

"नाही. तुमचं हाड चांगलं होतं."

या सगळ्यात एवढंच एक खरं वाक्य तिला बोलता आलं.

रविवारी पिशोरहून काकांचा फोन आला. अण्णा फोन कानापासून लांब धरून, मोठ्यानं बोलतात, त्यामुळे स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं.

"कच्चं मांस घालून घालून मारलं पोरीनं," अण्णा सांगत होते. "नाय, मनानं वाईट नाय ती. पुस्तकानं वाईट केलं. आता तुला सांगतो कारभारी, ती नांदेडला गेली व्हती ना, ते दोन दिवस मी शिजवून घातलं त्याला. माझ्या हातानं. हळद टाकून, कोमट करून. असं खाल्लं, असं खाल्लं, वाटी चाटली. तेवढे दोन दिवस तरी सुखाचे गेले बिचाऱ्याचे. तिला वरून दिसलं असंल. काय?"

मंजुषा दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. वाक्य तिच्या तोंडाशी आलं, चार शब्दांचं होतं. काका पलीकडून काहीतरी म्हणाले आणि अण्णा हसले. कायगावहून येताना हसले होते तसे नाही. खरंच हसले.

ती तांब्या त्यांच्यापुढे ठेवून परत आली.

आता मेसचा डबा बंद आहे. अण्णा स्वतः खिचडी लावतात. पहिल्यांदा मुगाची, मग तुरीची, परवा त्यांनी वांगंसुद्धा टाकून बघितलं. मंजुषाशी फार बोलत नाहीत, अजून राग गेलेला नाही. पण तिला खाऊन जायला लावतात. कुकर चतुराबाईंचाच. आता तो इतका घासलेला असतो की त्यात तोंड दिसावं. सकाळी साडेनऊला ते तो गॅसवर ठेवतात, फोटोकडे एकदा बघतात आणि ओट्याला हात टेकून उभे राहतात. शिट्टी झाली की बोट उघडतात. एक. मंजुषा बाहेरच्या खोलीत केस विंचरत असते. तिचा हात थांबतो, आपण थांबलोय हे तिला माहीत असतं. दोन. आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी शेठची चटई आहे, ती कुणीच उचललेली नाही.

"तीन," अण्णा म्हणतात आणि गॅस बंद करतात. "ये, पान वाढतो. गरम हाय तोवर खा."

ती येते, बसते.

"तुझ्या आईला वाटलं असतं का कधी," आज ते म्हणाले, तिच्याकडे न बघता, भाताची वाफ तोंडावर घेत, "मी चूल पेटवायला शिकीन म्हणून?"

"नसतं वाटलं," मंजुषा म्हणाली, आणि तिनं ताट पुढे केलं.